वणव्याच्या धुरात एअर प्युरिफायर: एक अख्खा मोसम वापरल्यानंतर

२०१८ साली ऐन दिवाळी पाडव्याला उत्तर कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव वणव्यात पेटलं आणि तिथून अडीचशे किलोमीटरवर, फ्रीमाँटमध्ये, आमची भाऊबीज दारं-खिडक्या लावून झाली. तेव्हा दुकानांत ना मास्क मिळत होते ना प्युरिफायर. म्हणून २०२० मध्ये उन्हाळा लागतानाच घेऊन ठेवला. त्या वर्षीचा धूर संपला, तेव्हा सविस्तर लिहितो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत हेपा (बारीक कण अडवणारा फिल्टर), ०.३ मायक्रॉन, ९९.९७ टक्के असं छापलेलं असतं. ते खरंच आहे, पण त्यावरून निवड करू नका. बघायचा तो सीएडीआर, म्हणजे मिनिटाला किती घनफूट स्वच्छ हवा मिळते तो आकडा. एरवी तो खोलीच्या चौरस फुटांच्या दोन-तृतीयांश असला तरी भागतं. वणव्याच्या धुरासाठी चौरस फुटांइतका हवा. आमचा बेडरूमला पुरून उरला, हॉलमध्ये मात्र ढेपाळला.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये. कोरड्या विजांनी वणवे लागले, त्यातला एक आमच्या पूर्वेच्या डोंगरांपलीकडेच. आठवड्याभरात गणपती. बाहेर धूर म्हणून खिडक्या बंद, आणि आत धूप, कापूर, अगरबत्ती, शिवाय तळण! आरती संपेपर्यंत यंत्राचा पीएम २.५ चा (म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा) आकडा बाहेरच्या हवेच्याही वर. दुसऱ्या दिवसापासून निरांजन आणि फुलं एवढ्यावरच पूजा. 'अगरबत्ती कुठंय?' हा सासूबाईंचा व्हिडिओ कॉलवरचा प्रश्न मी बायकोकडे सोपवला. फोडणीचं म्हणाल तर चिमणी थेट बाहेर हवा फेकणारी असेल तर ती बाहेरचा धूर फटींतून आत ओढते, आणि नसेल तर नुसता आवाज करते. त्या दिवसांत वरण-भात, उपमा, इडली.

९ सप्टेंबरला आकाश नारिंगी झालं, सकाळी दहाला दिवे लावावे लागले. सगळे घाबरलेले, आणि यंत्राचा दिवा हिरवा, म्हणजे हवा स्वच्छ! बिघडलं असं वाटलं, पण बरोबर तेच होतं: धूर वर होता, खाली समुद्रावरून आलेल्या हवेचा थर. शुक्रवारपर्यंत धूर खाली उतरला. आकाश साधं राखाडी, फोटो काढण्यासारखं काहीच नाही, आणि दिवा लाल. तेव्हापासून खिडकीतून बघून अंदाज बांधणं सोडलं; सकाळी आधी एअरनाऊ या हवेचा दर्जा दाखवणाऱ्या सरकारी साइटचा नकाशा.

तक्रारी दोन. ऑटो मोड अगदीच आळशी आहे, हवा चांगली बिघडल्याशिवाय पंखा वाढवत नाही. धुराच्या दिवसांत हातानेच वेग वाढवून ठेवावा. दुसरं, वास. वास शोषणारा कोळशाचा थर इतका पातळ की जळकट वास रेंगाळतोच. कण गेले म्हणून वायूही गेले असं नाही. आवाज वरच्या वेगाला भरपूर, पण झोप लागते.

फिल्टर काढला तेव्हा पांढऱ्याचा करडा-काळा झाला होता; वर्षभर चालेल असं लिहिलेलं, धुराच्या एका मोसमात संपला. सुटा फिल्टर आधीच घेऊन ठेवा, धूर आला की तो आधी गायब होतो. हॉलसाठी दुसरं यंत्र घेणार नाही. शेजाऱ्यांनी चौकोनी टेबलफॅनला मर्व्ह-१३ दर्जाचा (बारीक कण अडवणारा) फिल्टर टेपने चिकटवून काम भागवलंय. दिसायला भयंकर, पण हॉलपुरतं पुढच्या मोसमात आम्हीही तेच करणार.