मुंबईच्या रांगेत थांबायचं, की नागपूर, पुणे, गोव्यातल्या पर्वरीची वाट धरायची?

रणजीचा मोसम संपला की मुंबईच्या मैदानांवर एकच कुजबुज सुरू होते : यंदा दुसऱ्या राज्याकडून खेळायला एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, कोण मागतोय? एप्रिल 2025 मध्ये यशस्वी जैस्वालने गोव्याकडून खेळण्यासाठी ती मागितली तेव्हा बातमी झाली. मे महिन्यात त्याने अर्ज मागे घेतला, तेव्हा पुन्हा झाली. पण यशस्वीचं काही अडणार नव्हतं, तो कुठूनही खेळला असता. खरा प्रश्न आहे तो 22 ते 25 वर्षांच्या मुलाचा. संभाव्य खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव दरवर्षी येतं आणि अकरा जणांत येत नाही. हा आढावा त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी. मी मुंबईचा पाठीराखा आहे हे आधीच सांगून टाकतो. तरीही माझं मत असं की अशा मुलांपैकी बऱ्याच जणांनी जायला हवं. फक्त कुठे जायचं, यात गफलत होते.

आधी नियम, कारण सगळं गणित तिथेच बसतं. नव्या राज्यातला जन्म, शिक्षण, नोकरी किंवा वास्तव्य यांपैकी काही तुमच्याकडे नसेल, तर पाहुणा खेळाडू म्हणूनच जावं लागतं, आणि एका संघाला असे तीनच घेता येतात. म्हणजे तिकडे तुमची स्पर्धा त्या राज्यातल्या पोरांशी कमी आणि देशभरातून रिकाम्या झालेल्या अनुभवी खेळाडूंशी जास्त. करुण नायरसारखा कसोटीपटू उपलब्ध असताना तुम्हाला कोण घेणार, असा तो प्रश्न आहे.

मुंबई : रांग खरी आहे, आणि ती हलतही नाही

42 रणजी विजेतेपदं. पहिल्या हंगामापासूनचा इतिहास सांगत बसत नाही, अलीकडचा एकच सामना बघा. जानेवारी 2025, बीकेसी, समोर जम्मू-काश्मीर. त्याच मोसमात महाराष्ट्राविरुद्ध 176 धावा करणारा 17 वर्षांचा आयुष म्हात्रे बाहेर बसला, कारण रोहित शर्मा आणि यशस्वी सलामीला आले. खाली रहाणे, श्रेयस, शिवम दुबे. अर्धा भारतीय संघ. पहिल्या डावात सगळे मिळून 120, त्यातले 51 शार्दुल ठाकूरचे. दुसऱ्या डावात त्यानेच शतक ठोकलं म्हणून अब्रू वाचली, सामना काही वाचला नाही. जम्मू-काश्मीर पाच गडी राखून जिंकलं. निवड समितीला दोष देता येईल का? रोहित शर्मा स्वतःहून रणजी खेळायला येतो म्हटल्यावर त्याला नाही म्हणायची छाती कुणाची? पण म्हात्रेच्या जागी त्याच्याइतका गुणवान नसलेला, 24 वर्षांचा एखादा मुलगा असता, तर त्याचं वर्ष तिथेच संपलं असतं.

मुंबईच्या बाजूने दोन गोष्टी भक्कम आहेत. पहिली पैशाची. क्रिकेट मंडळाच्या (बीसीसीआय) दरानुसार 20 पर्यंत प्रथम श्रेणी सामने खेळलेल्याला दिवसाला 40 हजार मिळतात, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याचे 1 लाख 60 हजार. अकराबाहेर बसणाऱ्याला निम्मे. मंडळ देईल तेवढीच रक्कम आपल्या खिशातून वर देऊ, असं मुंबई क्रिकेट संघटनेने (एमसीए) मार्च 2024 मध्ये जाहीर केलं. इतर बऱ्याच संघटनांना हे झेपणार नाही. मात्र साखळीचे सात सामने खेळले तर मंडळाचे 11 लाख 20 हजार, आणि सातही सामने बाकावर काढले तर 5 लाख 60 हजार. पैसा अकरात असणाऱ्याला आहे, मुंबईच्या टोपीला नाही.

दुसरी गोष्ट मैदानाबाहेर मोजता येत नाही. आझाद मैदान, क्रॉस मैदान, कांगा लीग, पोलीस शील्ड, टाइम्स शील्ड : इथे वर्षभर कुणी ना कुणी तुम्हाला शिव्या घालत गोलंदाजी करत असतो. मार्च 2024 च्या अंतिम सामन्याआधी उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या जोडीने दोघांचीही शतकं काढली. अकराव्या नंबरलाही विकेट फेकायची लाज वाटते, ही सवय दुसरीकडे विकत मिळत नाही. 20-21 च्या आतल्या मुलाने म्हणूनच हलू नये. त्याला 23 वर्षांखालील संघ आहे, क्लब आहे, घडायला वेळ आहे.

थांबून काय होतं त्याची दोन टोकं आहेत. अमोल मुझुमदारने पदार्पणात हरियाणाविरुद्ध 260 केल्या, मुंबईला 2006-07 ची रणजी कर्णधार म्हणून जिंकून दिली आणि 2009 मध्ये आसामला गेला. तोवर भारताचं दार कधीच बंद झालं होतं. त्याला अकरात जागा होती, वरची जागा नव्हती. संघ बदलून तो प्रश्न सुटला नसता. दुसरं टोक सर्फराज खानचं. तो 2015-16 ला उत्तर प्रदेशात गेला, परतताना वर्षभर बाहेर बसला, आणि जानेवारी 2020 मध्ये वानखेडेवर त्याच उत्तर प्रदेशाला नाबाद 301 चा प्रसाद दिला. 2021-22 च्या मोसमात 982 धावा. तरी कसोटी पदार्पणासाठी फेब्रुवारी 2024 उजाडला. मुंबईकडून धावा केल्या की भारताकडून लगेच बोलावणं येतं, ही समजूत जुनी झाली. ती आता सोडा.

विदर्भ : सगळ्यात चांगला संघ, पण दार अरुंद

पाहुणे कसे घ्यावेत हे भारतात कुणाला शिकायचं असेल तर नागपूरला जावं. वसीम जाफर 2015 मध्ये तिकडे गेला तेव्हा 37 वर्षांचा होता. मुंबईने जवळजवळ निरोप दिलेला माणूस. सोबत कर्नाटकातून आधीच आलेला गणेश सतीश, आणि पुढे प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित. बाकी सगळी घरची पोरं : फैज फजल, अक्षय वाडकर, आदित्य सरवटे, रजनीश गुरबानी. 2017-18 आणि 2018-19, लागोपाठ दोन रणजी. दुसऱ्या वर्षी जाफरच्या हजाराहून अधिक धावा, चाळिशी ओलांडता ओलांडता! पाहुणा पैसे घेऊन मोसम काढायला आलेला नव्हता. तरण्या पोरांनी डाव कसा बांधायचा हे समोरच्या टोकाला उभं राहून बघितलं.

2024-25 मध्ये तोच प्रयोग पुन्हा फळाला आला, नायर आणि दिल्लीचा ध्रुव शोरी यांना घेऊन. नागपूरच्या उपांत्य सामन्यात पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना घरी पाठवलं, मुंबई 80 धावांनी हरली. (त्या षटकाबद्दल मी अजून कुणाशी मोकळेपणाने बोललेलो नाही.) केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात 3 बाद 24 वरून दानिश मालेवार आणि नायर यांनी दोनशेच्या वर भागीदारी केली. मालेवार 21 वर्षांचा, पहिलाच मोसम, 153 धावा. नायर 86 वर धावबाद झाला आणि दुसऱ्या डावात शतक ठोकून मोकळा. सामना अनिर्णित, पहिल्या डावाच्या 37 धावांच्या आघाडीवर रणजी विदर्भाची. नायरच्या मोसमात 863 धावा, आणि पाठोपाठ जून 2025 मध्ये लीड्सला भारताकडून कसोटी. कर्नाटकने वगळलेला माणूस नागपूरमार्गे परत भारतात आला.

मोह होणार. पण नीट बघा : नायरकडे कसोटीतलं त्रिशतक होतं, जाफरकडे 31 कसोटी. विदर्भ पाहुणा घेतो तो पूर्ण तयार झालेला. तुमच्यासारखा, म्हणजे गुण आहेत पण मोठा मोसम नाही असा मुलगा, त्यांच्याकडे घरचाच आहे. यश राठोडने त्याच वर्षी 960 धावा केल्या, नायरहून जास्त. मुंबईत एक-दोन दणदणीत मोसम काढले आणि मग वगळले गेलात, तरच विदर्भाचा नंबर फिरवा. त्याआधी फोन उचलला जाईल, काम होणार नाही.

महाराष्ट्र : सगळ्यांनी कमी लेखलेला पर्याय

शेवटची रणजी 1940-41 ची, प्रा. देवधरांच्या काळातली. त्यामुळे मुंबईकर नाक मुरडतात. पण पुढे जायचं असेल तर चषकांची यादी काय कामाची? केदार जाधवने 2013-14 मध्ये महाराष्ट्राकडून 1223 धावा केल्या, संघ वानखेडेवर मुंबईला हरवून अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि पुढच्याच वर्षी केदार भारताकडून एकदिवसीय खेळला. ऋतुराज गायकवाड तर याच संघाचा. तो भारत किंवा भारत अ संघासोबत असला की वरच्या फळीतली एक जागा आपोआप रिकामी होते.

2025 मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून इकडे आला. आदल्या वर्षी मुंबईने त्याला वगळलं होतं, आयपीएलच्या लिलावात कुणी हात वर केला नव्हता. केरळविरुद्ध पहिल्याच सामन्यात तो शून्यावर गेला आणि फलकावर 3 बाद 0 लागले. ऋतुराजने 91 काढल्या म्हणून डाव उभा राहिला, आणि सोबतीला होता केरळहूनच आलेला फिरकी अष्टपैलू जलज सक्सेना. पुढच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध पृथ्वीचं द्विशतक, 141 चेंडूंत. मला यातली धावांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : शून्यानंतर त्याला लगेच पुढचा सामना मिळाला. मुंबईत त्या शून्यावर दोन आठवडे चर्चा झाली असती.

सलामीच्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या फलंदाजासाठी माझी पहिली पसंती हीच. पुणे जवळ, एमपीएल (महाराष्ट्र प्रीमियर लीग) गहुंज्यात, भाषा तीच, आणि आयपीएलचे शोधपथकवाले तिथेही असतात. उणीव एकच. हा संघ बाद फेरीत नेमाने पोचत नाही, आणि मोठ्या सामन्यातलं शतक साखळीतल्या दोन शतकांइतकं वजनदार असतं.

गोवा : खेळायला मिळेल, मोजतील का?

अर्जुन तेंडुलकर 2022 मध्ये गेला आणि पर्वरीत राजस्थानविरुद्ध पदार्पणात 120 केल्या. मुंबईकडून त्याला रणजीचा एकही सामना मिळाला नव्हता. सिद्धेश लाडही त्याच सुमारास गेला आणि 2024-25 ला परतला. मुंबईचा संकटमोचक म्हणून ज्याचं नाव होतं, त्यालाही बाहेर पडावं लागलं.

पण नोव्हेंबर 2024 ची पर्वरीतली लढत आठवा. स्नेहल कवठणकर नाबाद 314, कश्यप बखले नाबाद 300, भागीदारी 606 ची, रणजीतली आजवरची सर्वांत मोठी. समोर अरुणाचल प्रदेश, 84 आणि 92 वर सर्वबाद. दोन त्रिशतकं झाली आणि त्यावरून कुणाच्या नावापुढे भारत अ लागलं नाही. तेव्हा गोवा प्लेट गटात, म्हणजे खालच्या दर्जाच्या संघांत होता. 2025-26 ला वरच्या एलिट गटात आला, म्हणून धावांना भाव आला. पण पुन्हा खाली घसरले तर तुमचं अख्खं वर्ष पाण्यात. मडगावचा दिलीप सरदेसाई मुंबईकडून खेळूनच भारतापर्यंत पोचला होता, तो उलटा प्रवास अजून कुणी खोटा पाडलेला नाही. अष्टपैलू असाल, 26 च्या पुढे असाल आणि सातही सामने खेळायची भूक असेल तर जरूर जा. 22 व्या वर्षी जाऊ नका.

राहिले फिरकीपटू, त्यांचं दुखणं वेगळंच. मुंबईत शम्स मुलानी आणि कोटियन असताना तिसऱ्या फिरकीपटूला पाणी न्यायचंच काम. विदर्भात हर्ष दुबेने 2024-25 मध्ये 69 बळींचा विक्रम केला, महाराष्ट्राने सक्सेनाला आणून ठेवलंय. ही तिन्ही दारं जवळपास बंद. आदित्य सरवटेने काय केलं बघा. विदर्भाला 2019 चा अंतिम सामना 11 बळी घेऊन जिंकून देणारा हा नागपूरचा मुलगा 2024-25 ला केरळकडे गेला, आणि त्या मोसमाचा अंतिम सामना नागपुरातच, आपल्याच जुन्या संघाविरुद्ध खेळला. फलंदाजी करताना 79 धावाही काढल्या. डावखुऱ्या फिरकीपटूने पुण्या-नागपूरच्या पुढे नकाशा उलगडावा, दक्षिणेकडे जास्त.

आणि एनओसी मागताना पत्र साधं ठेवा. मुलाखत देऊन, समितीला टोमणे मारून जाऊ नका. परत यायची वेळ आली तर सर्फराजसारखं एक वर्ष घरी बसावं लागू शकतं, आणि अर्ज मागे घेतल्यावर सगळं विसरून जवळ घ्यायला तुम्ही अजून यशस्वी जैस्वाल झालेला नाही.