थर्मल कॅमेऱ्यातला लाल डाग मला 46,300 ला पडला
लिहायची लाज वाटतेय, पण लिहितो. सेकंडहँड फायबरची बोट, तळाचे थर आतून सुटलेत का एवढंच बघायचं होतं. थर्मल इन्स्पेक्शनवाल्याने 7,800 घेतले, पंधरा मिनिटांत स्क्रीनवर लालभडक डाग दाखवला आणि म्हणाला डीलॅमिनेशन आहे, म्हणजे थर सुटलेत, आत्ता कापून भरलं नाही तर तळ जाईल. रिपेअरवाला अर्थातच त्याचाच माणूस. त्याचे 38,500, पैकी 20,000 रोख, पावती नाही (हो, माहितीये).

आता जे आठवून अजून चिडचिड होते ते. तो डावीकडे सरकला तर डागपण डावीकडे सरकला. मी पाहिलं! विचारलंसुद्धा, "डाग हलला का हो?" तर म्हणे "अँगल बदलला ना साहेब", आणि मी मान डोलावली. अरे, सुटलेला थर काय चालत फिरतो? चकचकीत जेलकोटवर (बोटीचा बाहेरचा गुळगुळीत थर) त्याच्याच अंगाची उष्णता उमटत होती. फोटोतली बाजूची तापमानाची पट्टी नंतर घरी वाचली, 24.1 ते 25.0. अख्खा निळा-लाल तमाशा 0.9 अंशाचा, स्केल ऑटोवर, म्हणजे एवढ्याशा फरकावरच कॅमेऱ्याने सगळे रंग पसरवलेले!

मी अगदीच अडाणी नाही, पण रंगीत चित्रांचा 12 पानी रिपोर्ट हातात पडला की कोणीही गप्प बसतो. त्याने काही तापवलंच नव्हतं, बोट रात्रभर शेडमध्ये, सगळी एकाच तापमानाला. खरं तर हॅलोजनने पृष्ठभाग तापवून तो थंड होताना बघायचा असतो, आतल्या हवेच्या फटीमुळे उष्णता खाली जात नाही म्हणून तेवढाच भाग जास्त वेळ गरम राहतो, आणि दोष दुप्पट खोल असेल तर दिसायला साधारण चौपट वेळ लागतो. तापवत नसेल तर पैसे देऊ नका. नाण्याने ठोकून आवाजपण ऐका, फुकट आहे.

पोलीस म्हणाले दिवाणी मामला. ग्राहक तक्रारवाल्यांनी तीन वेळा तोच फॉर्म भरून घेतला, मग तज्ज्ञाचा दाखला मागितला, तो माझ्याच खर्चाने, आणला तर म्हणे आता दुरुस्ती झालीये, मूळ दोष नव्हता हे कशावरून? मग आधी झोपला होतात का? तिसऱ्या महिन्यात 'तक्रार निकाली' असा मेसेज.

स्क्रीनशॉट नको, तापमानासकट मूळ फाइल मागा. आयएसओ 9712 चं (न तोडता तपासणी करणाऱ्या माणसांसाठीचं मानक) थर्मोग्राफीचं, म्हणजे थर्मल कॅमेऱ्याने तपासणीचं, सर्टिफिकेट बघा, नुसता कॅमेरा कोणीही विकत घेतो.

दाखल्यासाठी आलेल्या माणसाने नीट तापवून पाहिलं. अख्ख्या तळात एकच डाग दिसला, न हलणारा. यांनी चांगला तळ कापून पुट्टी भरली ती जागा.