घरामागे स्विमिंग पूल बांधला, अख्खा उन्हाळा काढला, आता लिहितोय

पूल भरल्या भरल्या लिहायचं मुद्दाम टाळलं, कारण नव्या पूलला सगळेच छान म्हणतात, पाणी निळंशार, टाईल चकचकीत, आणि खरा हिशोब उन्हाळा डोक्यावर आला की सुरू होतो. आता कडक उन्हाळा काढून झाला, नंतरचे थंड महिनेपण बघून झाले, तर एकेक सांगतो. ज्यांच्याकडे वर्षातले निम्मे महिने ऊन भाजून काढतं त्यांच्यासाठी हे आहे, थंड प्रदेशातल्यांना यातलं बरंच उलटं लागू होईल.

आधी काय बांधलंय ते. ८ बाय ४ मीटरचा साधा आयताकृती काँक्रीटचा पूल, एका टोकाला १.१ मीटर खोल आणि दुसऱ्या टोकाला १.६, म्हणजे पाणी साधारण ४३ हजार लिटर. आतून फिकट रंगाचं प्लास्टर, पाण्याच्या लेव्हलला टाईलचा पट्टा, आणि मिठावर चालणारी क्लोरीन सिस्टिम. सूर मारण्यासाठी खोल बाजू घेतली नाही. त्याला तीन मीटरच्या आसपास खोली लागते, तेवढी आपल्याला नको होती, आणि अर्धवट खोलीत सूर मारणं म्हणजे मान मोडून घेणं. घरात पूल नव्वद टक्के वेळा कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गप्पा मारायला आणि मुलांना बॉल खेळायलाच वापरला जातो हो, हे आधी मान्य केलं की ड्रॉइंग आपोआप सोपं होतं.

आता मुख्य गोष्ट, जी कोणी डिझाईनवाला स्वतःहून बोलत नाही. पूलचं पाणी तापतं. नुसतं कोमट नाही, ऐन उन्हाळ्यात दुपारी आमच्याकडे ३३-३४ अंश झालेलं बघितलंय. पोहण्याच्या स्पर्धांचं पाणी २५ ते २८ अंशात ठेवतात, त्यावरून अंदाज घ्या. ३३ अंशाच्या पाण्यात उतरल्यावर गार वाटतच नाही, चार हात मारले की उलट दम लागतो, मुलं पण पाच मिनिटांत चिडचिड करत बाहेर. आणि सगळी माहितीपत्रकं हीटरबद्दल! आपल्यासारख्यांनी कागदावरच विचारायचा प्रश्न एकच, हे पाणी गार कसं राहणार.

आम्हाला पहिलं ड्रॉइंग आलं त्यात तळ गडद राखाडी होता. फोटोत तळ्यासारखा दिसतो, खरंच सुंदर दिसतो, पण गडद तळ ऊन पिऊन घेतो आणि ती उष्णता पाण्यात सोडतो, म्हणून ठाम नाही म्हटलं. फिकट तळावर प्रत्येक पान, प्रत्येक डाग लगेच दिसतो, पाहुणे यायच्या आधी धांदल होते हे खरंय, पण मला ते चांगलंच वाटतं. कचरा दिसला तर काढला जातो. शिवाय तळाशी काय आहे, कोण आहे ते काठावरून स्पष्ट दिसणं लहान मुलं असलेल्या घरात रंगापेक्षा महत्त्वाचं.

दुसरं म्हणजे सावली. पश्चिमेकडून येणारं दुपारी दोननंतरचं ऊन सगळ्यात वाईट, त्या बाजूला शेड सेल (सावलीसाठी खांबांवर ताणलेलं कापड) लावलंय, उथळ भाग आणि पायऱ्या झाकल्या जातील असं. हे नंतर बघू असं कॉन्ट्रॅक्टर म्हणत होता पण सेलच्या खांबांना जमिनीत चांगला मोठा फाउंडेशन लागतो, वाऱ्यात कापड केवढं ओढ घेतं ते बघाल तर कळेल, म्हणून डेकचं (पूलभोवतीच्या फरशीचं) काम होण्याआधीच खड्डे काढून खांब उभे करून घेतले. नंतर केलं असतं तर नवीन फरशी फोडावी लागली असती. झाडाची सावली लोक सुचवतात, पण झाड पूलपासून लांबच बरं, पानं, फुलं, पक्ष्यांची घाण आणि खाली मुळं, सगळं आपल्याच डोक्याला ताप.

तिसरा उपाय रात्रीचा. एका बाजूच्या भिंतीतून पाणी पडेल असा छोटा धबधबा घेतला होता, शोभेसाठी म्हणूनच, पण तोच आता सगळ्यात कामाचा निघाला. रात्री हवा जरा उतरली की तो चालू करतो, पाणी हवेत पसरून पडतं, बाष्पीभवन वाढतं आणि पाणी थंड होतं. यातलं गणित मस्त आहे, आमच्या खोलीच्या पूलमधून एक मिलिमीटर पाणी उडालं तर बाकीचं पाणी साधारण ०.४ अंशाने उतरतं. हां, हवा दमट असेल तर हा उपाय जवळजवळ लंगडाच, कारण दमट हवेत पाणी उडतच नाही, तिथे सावलीवरच जास्त भर द्यावा लागेल. आणि पाणी असं खळाळत ठेवलं की पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे दाखवणारा आकडा) चढत जातो, त्याचं पुढे सांगतो.

बबल कव्हर, म्हणजे पाण्यावर पसरायचं फुगे असलेलं प्लास्टिक, उन्हाळ्यात अजिबात घालू नका. ते बाष्पीभवन थांबवतं, म्हणजे पाणी वाचतं, पण पाणी थंड होण्याचा रस्तापण तोच बंद होतो आणि वरून ऊन आत येतच राहतं. थंडीत मात्र आम्ही रोज घालतो.

बरं, बाष्पीभवनावरून घरात झालेली खडाजंगी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाण्याची लेव्हल रोज उतरायला लागली, टाईलच्या पट्ट्यावर ओली रेघ खाली खाली सरकताना दिसायची, बायकोचं ठाम मत की पूल लीक आहे आणि कॉन्ट्रॅक्टरला आत्ताच्या आत्ता बोलवा. मी बादली टेस्ट केली. पूलच्या पायरीवर बादली ठेवायची, आत पूलचंच पाणी भरायचं, बाहेरच्या आणि आतल्या लेव्हलला पेन्सिलने खूण करायची, पंप बंद, ऑटो-फिल (लेव्हल उतरली की आपोआप पाणी भरणारी सोय) बंद, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघायचं. दोन्हीकडे सारखंच उतरलं असेल तर ऊन-वारा, पूलमध्ये जास्त उतरलं असेल तर गळती. आमच्याकडे दोन्ही सहा-सहा मिलिमीटर उतरलं होतं. सहा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, आमचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर, म्हणजे रोजचे १९२ लिटर हवेत! पाण्याची टंचाई असेल तिथे पूलचा आकार ठरवताना खोलीपेक्षा पृष्ठभाग किती आहे हे बघा, उडतं ते वरूनच. ऑटो-फिल सोयीचा आहे पण तो गळती लपवतो, त्या लाईनवर छोटा मीटर बसवून घेतला तर बरं.

आणि उडतं ते फक्त पाणी. त्यातले क्षार, मीठ, स्टॅबिलायझर (क्लोरीन उन्हात टिकवणारं रसायन) सगळं मागे राहतं, तुम्ही परत जड पाणी भरता, परत पाणी उडतं, क्षार साचत जातात. टाईलच्या पट्ट्यावर पांढरा खरखरीत थर धरला, बोट फिरवलं की सॅंडपेपरसारखं लागतं. पाणी गरम असलं की हा थर अजून लवकर बसतो. कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियमचं प्रमाण, २०० ते ४०० पीपीएममध्ये (दहा लाख भागांत इतके भाग) ठेवायला सांगतात, आमचा उन्हाळ्याअखेर वर गेला होता, मग थोडं पाणी काढून नवीन भरलं, याला दुसरा स्वस्त उपाय नाही. पण थोडंच काढायचं, पूर्ण रिकामा करायचा नाही. उन्हात उघडं पडलेलं प्लास्टर तडकतं आणि खाली भूजल वर असेल तर रिकामा पूल अख्खा वर उचलला जाऊ शकतो. तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (भूजलाचा दाब मोकळा करणारा) आहे का हे बांधतानाच विचारून घ्या.

क्लोरीनची गोष्ट पण उन्हाचीच. स्टॅबिलायझर नसेल तर भर उन्हात पाण्यातलं निम्मं क्लोरीन तासाभराच्या आत संपतं. सकाळी टाकलं, दुपारी शून्य, आणि संध्याकाळी भिंतीला बुळबुळीत शेवाळ. हा स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड, ३० ते ५० पीपीएम, मिठाच्या सिस्टिमवाले जरा वर ठेवायला सांगतात. पण हे पण अति झालं की क्लोरीन सुस्त पडतं, आकडा छान दिसतो आणि शेवाळ तरी येतंच. पहिल्या महिन्यात नव्या प्लास्टरमुळे मीठ टाकायचं नव्हतं तेव्हा आम्ही क्लोरीनच्या गोळ्या वापरल्या, त्या गोळ्यांतच हे अ‍ॅसिड असतं आणि प्रत्येक गोळीबरोबर ते वाढत जातं, तेव्हा गोळ्यांवर वर्षानुवर्षं पूल चालवणाऱ्यांनी हा आकडा तपासत राहा. शॉक (एकदम जास्त क्लोरीनचा डोस) द्यायचा तो सूर्य मावळल्यावर, दिवसा दिलेला निम्मा उन्हालाच जातो.

मिठाच्या सिस्टिमबद्दल लोकांचा फार गोड गैरसमज आहे की यात क्लोरीन नसतं. असतं, मिठापासून तिथल्या तिथे तयार होतं एवढंच. मीठ साधारण ३२०० पीपीएम, समुद्राच्या एक दशांशच्या आसपास, डोळे चुरचुरत नाहीत, पाणी मऊ लागतं, ते आवडलं. न आवडलेलं म्हणजे पीएच सतत वर, ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायला आठवड्यातून एक-दोनदा पीएच उतरवणारं अ‍ॅसिड टाकावंच लागतं, त्यात आमचा धबधबा भर घालतो. क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राच्या सेलवर पण क्षार चढतात, उघडून साफ करावा लागतो. आणि काठाला मऊ सच्छिद्र दगड लावला असेल तर मिठाचं पाणी वाळून वाळून तो पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून काठाचा दगड आणि क्लोरीनची पद्धत एकत्र ठरवा, वेगवेगळ्या मीटिंगमध्ये नको.

दगडाचा विषय निघालाच आहे तर डेक. नमुने दुकानाच्या एसीत बघून काही कळत नाही. आम्ही तीन-चार फरशांचे तुकडे घरी आणून अंगणात ठेवले आणि भर दुपारी अनवाणी उभं राहून बघितलं. गडद ग्रॅनाईटवर आई एक पाय टेकवून "अगं बाई" करून उडालीच, फिकट खरखरीत फरशीवर निदान चालता आलं. तीच घेतली. ओला पाय घसरत नाही हे पण तेव्हाच पाणी ओतून बघा. डेकचा उतार पूलपासून बाहेर हवा, आणि डेक आणि काठ यांच्यामधला सांधा लवचिक सीलंटनेच भरायचा. आमच्याकडे एका कोपऱ्यात मजुरांनी तिथे सिमेंटच भरलं होतं, उन्हाने डेक प्रसरण पावला आणि काठाच्या दोन फरशा उचलल्या गेल्या. कॉन्ट्रॅक्टरने करून दिलं, पण फोनवर फोन केल्यावर.

वाऱ्याची दिशा हा लहानसा वाटणारा मुद्दा, पण रोज सकाळी त्याचे आभार मानतो. कॉन्ट्रॅक्टरला स्किमर (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणारं तोंड) पंपाजवळ हवा होता, पाईप कमी लागतो म्हणून. आम्ही तो वारा जिकडे ढकलतो त्या टोकाला घेतला, सकाळी येऊन बघावं तर पानं, किडे सगळे आपले आपण स्किमरच्या बास्केटमध्ये जमलेले असतात. पाईपला काय थोडा जास्त खर्च आला तेवढाच.

फोटोंमध्ये सगळीकडे असतो तो उथळ कट्टा, वीस-पंचवीस सेंटीमीटर पाणी आणि त्यात खुर्ची, तो आम्हीही घेतलाय. खरं सांगू, सेलची सावली त्याच्यावर नसती तर तो उन्हाळ्यात पूर्ण फुकट गेला असता, तेवढंसं पाणी दुपारी पायाला चटका देतं आणि शेवाळ पहिलं तिथेच धरतं. लहान मूल असेल तर घ्या, नाहीतर तीच जागा पोहायला ठेवा.

पंप व्हेरिएबल स्पीडचाच (वेग कमी-जास्त करता येणारा) घ्या, यावर वाद नको. वेग निम्मा केला की वीज साधारण एक अष्टमांश लागते, त्यामुळे हळू आणि जास्त तास चालवणं परवडतं. आम्ही दिवसा क्लोरीन बनण्यापुरता आणि रात्री धबधब्यासाठी चालवतो. पंप-फिल्टरवर छप्पर हवं, उन्हात पाईप आणि प्लास्टिकचे भाग ठिसूळ होतात. तिथेच अ‍ॅसिड आणि क्लोरीनचे डबे शेजारी शेजारी ठेवू नका, दोघांची वाफ एकत्र आली तर जीवावर बेततं.

सुरक्षेत एकच ठिकाणी आवाज चढवावा लागला. तळाला पंपाकडे पाणी ओढणारा एकच ड्रेन दाखवला होता, "घरच्या पूलला एक पुरतो" म्हणे. एकच ड्रेन पाठीने किंवा केसांनी बंद झाला तर पंप माणसाला धरून ठेवतो, म्हणून दोन ड्रेन, मध्ये किमान तीन फूट अंतर, वर सुरक्षित जाळी. चारही बाजूंनी चार फुटांपेक्षा उंच कुंपण, आपोआप लागणारं गेट आणि खटका मुलांच्या हाताच्या वर. दिवे १२ व्होल्टचे, लाईनला अर्थ लीकेज ब्रेकर (करंट गळला की वीज तोडणारा). कुंपणाने फोटो बिघडतो, बिघडू दे.

थंडीत काय, आठवड्याचं काम निम्म्यावर आलं, बास्केट काढायची, ब्रश मारायचा, पीएच बघायचा, बस. पाण्यात मात्र फक्त मुलं उतरतात, ती पण पैज लावून. हीटर घेतलेला नाही आणि घ्यायचा विचारही नाही, त्यापेक्षा पुढच्या उन्हाळ्याआधी खोल बाजूवर अजून एक शेड सेल टाकायचंय, त्यासाठीचे दोन खांब आधीच उभे आहेत.