लाल रिपोर्ट दाखवून हार्ड डिस्क बदलायला लावतात, सावध राहा

ऑफिसच्या नेटवर्कवरच्या सगळ्या हार्ड डिस्कवर लक्ष ठेवायचं काम आमच्याकडे एका एएमसीवाल्याला (वर्षभराच्या देखभालीचं काँट्रॅक्ट घेणारा) दिलेलं. प्रत्येक पीसीवर त्यांचा एजंट म्हणजे छोटा प्रोग्रॅम, तो डिस्कचा स्मार्ट डेटा (डिस्क स्वतःच नोंदवते ते तब्येतीचे आकडे) उचलणार आणि महिन्याला एक पीडीएफ येणार, हिरवं पिवळं लाल. काँट्रॅक्ट रिन्यू होईपर्यंत सगळं हिरवंगार, आणि रिन्यू झाल्यावर पुढच्याच रिपोर्टात अर्धं ऑफिस लाल.

कारण काय तर म्हणे रॉ रीड एरर रेट (स्मार्टमधला, वाचताना झालेल्या चुकांच्या नावाचा आकडा), आकडे कोटींत. शेजारी 'उरलेलं आयुष्य' म्हणून दिवस छापलेले. त्यांचा माणूस साहेबांना म्हणतो, "सर, एवढ्या एरर आल्यात, उद्या डेटा गेला तर आम्हाला बोलू नका." कोटीचा आकडा बघून कुणीही हबकणारच, सही झाली, 'नवीन' डिस्क बसल्या आणि जुन्या ते ई-वेस्टला देतो म्हणून घेऊन गेले.

आता हे नीट वाचा. सीगेटच्या डिस्कवर त्या रॉ व्हॅल्यूत एररची सरळ मोजणी नसतेच, ४८ बिटांपैकी खालच्या ३२ बिटांत एकूण किती वेळा वाचलं तो आकडा असतो, त्यामुळे धडधाकट डिस्कवरही तिथे कोटी दिसतात. खरं बघायचं ते स्मार्टच्या यादीतला ५ नंबर (रीअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब म्हणून बदललेले भाग), १८७ (दुरुस्त न झालेल्या एरर), १९७ (संशयित सेक्टर) आणि १९८ (वाचता न येणारे सेक्टर). हे शून्यावरून वर सरकायला लागले की बॅकअप चेक करा आणि डिस्क बदलायची तयारी ठेवा. आमच्या लाल डिस्कवर हे चारही शून्य होते, त्यांच्याच पीडीएफमध्ये, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात! एका मशीनवर १९९ वाढलेला, पण तो सीआरसीचा (डिस्क आणि पीसीमध्ये डेटा जाता-येताना होणाऱ्या चुकांचा), बहुतेक वेळा साटा केबलचा प्रॉब्लेम असतो, केबल बदलली तरी जुना आकडा खाली येत नाही, वाढायचा थांबतो एवढंच. आणि फिरत्या डिस्कचं आयुष्य दिवसांत सांगणारा काउंटर अजून कुणी बनवलेला नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्या डिस्कचा अभ्यास छापला त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कवर त्या अभ्यासाने धरलेल्या स्मार्टच्या मुख्य चार खुणांपैकी एकही आली नव्हती, मग हे दिवस कुठून मोजतात देव जाणे.

पितळ उघडं पडलं ते नवीन डिस्कमुळे. एक खूप स्लो चालायला लागली म्हणून स्मार्टसीटीएल (स्मार्ट डेटा वाचायचं टूल) लावलं, पॉवर ऑन अवर्स (डिस्क एकूण किती तास चालू होती) नव्या डिस्कला शोभतील इतकेच. पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, तो काढला तर तिथे तास २५ हजारांच्या वर! वर्षाचे तास ८७६०, म्हणजे ही डिस्क कुठेतरी जवळपास तीन वर्षं अखंड फिरून आलेली. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत असलाच प्रकार बाहेर आला होता, वापरलेल्या डिस्कचे काउंटर शून्य करून नव्या म्हणून विकलेल्या, तिथेही फार्ममुळेच कळलं. स्मार्टसीटीएलच्या ७.४ व्हर्जनपासून हा लॉग वाचता येतो, डिस्क हातात आल्या आल्या वाचा, आणि सिरीयल नंबर कंपनीच्या वॉरंटी पेजवर टाकून बघा.

मग मागच्या सगळ्या पीडीएफ उकरल्या. त्यात तर कहरच, रोज चालणाऱ्या मशीनचे पॉवर ऑन अवर्स महिनोन्महिने तेच! म्हणजे ते हिरवे रिपोर्टसुद्धा कॉपी पेस्ट. सर्व्हरच्या डिस्क रेड कंट्रोलरमागे (बऱ्याच डिस्क एकत्र एकच म्हणून चालवणारं कार्ड) आहेत, तिथे आतल्या एकेका डिस्कचा डेटा काढायला वेगळा ऑप्शन द्यावा लागतो, यांचा एजंट तिथवर पोचतच नव्हता तरी हेल्थ ९९ टक्के. विचारलं तर उत्तर आलं, "सॉफ्टवेअरचा बग आहे सर."

आता प्रत्येक मशीनवर स्मार्टडी (स्मार्टच्या आकड्यांवर सतत नजर ठेवणारा प्रोग्रॅम) आहे, आकडा हलला की मेल थेट आमच्याकडे येतो. पुढचं पेमेंट थांबवलंय. जुन्या डिस्क परत मागितल्या, त्यात ऑफिसचा सगळा डेटा आहे, तर म्हणतात क्रश केल्या, आणि क्रश केल्याचं सर्टिफिकेट मागितलं की फोन कट.