कॅनवाली पोर्टेबल शेगडी: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव (सहली, येळवस आणि आज्जीचं सहस्रचंद्रदर्शन)

दिवाळीच्या तोंडावर मागवली होती, आता मृगाच्या पेरण्या उरकल्या, म्हणजे थंडी उन्हाळा वारा पाऊस सगळ्यात वापरून झालीय, म्हणून निवांत लिहितेय. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण या शेगड्या आतून सगळ्या जवळपास सारख्याच असतात. चपटी पेटी, एका बाजूला बर्नर, दुसऱ्या बाजूला गॅसचा आडवा कॅन बसवायचा कप्पा, खटका खाली दाबला की कॅन लॉक, नॉब फिरवला की कट्ट आवाज होऊन पेटते. माचिस लागत नाही. मला दोन हजाराच्या आत पडली, सोबत प्लास्टिकची सुटकेस.

घ्यायचं कारण सांगते. आम्ही लातूरला, गाव औसा तालुक्यात, आणि आमच्या घरात फिरायला जायचं म्हणजे पहाटे चारला बायकांनी उठायचं हे ठरलेलं. दशम्या, धपाटे, बटाट्याची भाजी, शेंगाची चटणी, वरून दह्याचा डबा, आणि सगळं आवरून गाडीत बसेपर्यंत आई (सासूबाई) आणि मी इतक्या थकलेलो असायचो की पहिल्या टोलला डोळा लागायचा. बरं एवढं करून दुपारी खायला गार. एप्रिल-मेत तर बटाट्याची भाजी बारा वाजेपर्यंत आंबटच व्हायची. धपाटे गारही बरे लागतात, दशमी दुधात मळलेली असते म्हणून मऊ राहते, त्यांचं काही म्हणणं नाही. पण आमटी गरमच पाहिजे ना.

तर आता पीठ घरून मळून न्यायचं, चटणी डब्यात, आणि येसर एका बरणीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, येसर म्हणजे धान्य-डाळी आणि मसाला भाजून केलेलं पीठ, आपल्याकडं लग्नात आमटी व्हायची ती यातलीच. फोडणी द्यायची, पाणी ओतायचं, येसर कालवून टाकायचं, उकळी आली की झालं. लोक पाकिटातल्या नूडल्स नेतात, आपल्या आज्यांनी हे कधीच करून ठेवलंय. या शेगडीवर सगळ्यात जास्त वेळा हीच आमटी झाली. दुसरा नंबर सुशीलाचा. मुरमुरे भिजवून पिळून घरूनच न्यायचे, तिथं फक्त फोडणी, कांदा, डाळव्याचं पीठ, पोरं ताटल्या घेऊन उभीच असतात. चहाचं तर विचारूच नका. आणि एक गंमत, आमच्याकडचे पुरुष घरात गॅसच्या बाजूलासुद्धा फिरकत नाहीत पण उघड्यावर ही शेगडी मांडली की नॉब कोण फिरवणार यावरून यांची आणि भावजींची जुंपते. मी काही बोलत नाही, मस्त चटईवर बसून चहा पिते.

पहिली मोठी सहल खरोसाची. लेणी बघितली, वर रेणुकादेवीचं दर्शन झालं आणि स्वयंपाक खाली लांब एका ओळखीच्यांच्या शेतात केला. हे मुद्दाम लिहितेय, संरक्षित स्मारकाच्या आत परवानगीची जागा सोडून शिजवायलाही बंदी आहे आणि खायलाही. वेरूळ-दौलताबादला शेगडी काढून बसायचं डोक्यात असेल तर काढून टाका. तसंच रेल्वेतही गॅस नेता येत नाही, ही वस्तू स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठीच.

तर त्या दिवशी मी मोठ्या हौसेनं जोंधळ्याच्या कण्या शिजवल्या. ताकात कालवून, वर लसणाची फोडणी. सगळ्यांनी वाह वाह केलं, हॉटेलात याचे दोनशे रुपये घेतील वगैरे, भावजींनी फोटो काढले. आज्जी (यांची आजी) मात्र ताटली मांडीवर घेऊन नुसती ढवळत बसली. म्हणलं काय झालं, मीठ कमी आहे का. तर म्हणे, "तुमाला ही पार्टी वाटलालीय बाई. आमाला बहात्तर आठवतंय." मग सांगत बसली, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, अमेरिकेतून आलेला लाल मिलो (ज्वारीसारखं धान्य) मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची आणि पोरं खायला मागायची नाहीत, सुकडी मिळाली की त्या दिवशी सण. जोंधळ्याच्या पांढऱ्या कण्या तेव्हा कुणाच्या स्वप्नात. एवढं सगळं सांगून झाल्यावर ताटली पूर्ण संपवली आणि "अजून घाल" म्हणाली. जुन्या जेवणाची आठवण आपल्याला जेवढी गोड वाटते तेवढी ती जेवलेल्यांना वाटत असेलच असं नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता त्रासाचं बोलू. थंडीत हिचा दम जातो. कॅनमध्ये ब्युटेन असतो आणि तो शून्य अंशाच्या जवळच उकळतो, म्हणजे त्याच्या खाली वाफच होत नाही. तुम्ही म्हणाल लातूरला कुठं शून्य असतंय. बरोबर, पण गॅस बाहेर पडताना कॅन स्वतःच गार होत जातो. हुरड्याच्या दिवसात पहाटे शेतात आधीच दहा-बारा अंश, त्यात दहा मिनिटं फुल्लवर चालवली की कॅनला हात लावून बघा, बाहेरून ओला झालेला असतो आणि ज्योत बारीक. कॅन हलवला तर आत द्रव खळखळतो, म्हणजे गॅस आहे, बाहेर यायला तयार नाही. यावर काही जण कॅन गरम पाण्यात बुडवा, विस्तवाजवळ ठेवा असं सांगतात, अजिबात ऐकू नका, स्फोट होतो. दोन कॅन ठेवायचे, एक शेगडीत, एक बॅगेत टॉवेलमध्ये, आणि आलटून पालटून वापरायचे. आमचं तरी यावर भागलं.

हुरडा तर हिच्यावर होतच नाही, तव्यावर करून बघितला पोरांच्या हट्टापायी. ज्वारी सुरती असो गुळभेंडी असो, कणीस आगटीत गवऱ्यांच्या निखाऱ्यावरच भाजायचं आणि गरम असतानाच तळहातावर चोळायचं, तव्यावर नुसती उसळ झाली. शेगडीवर आपला चहा.

येळवसला पण तेच. आमच्या लातूर-धाराशिवकडं येळअमावस्येला सगळं गाव शेतात असतं, शहरात रस्ते ओस पडतात, कडब्याची कोप करून आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची. भज्जी (भाज्या आणि शेंगदाणे-दाणे एकत्र शिजवलेली पातळ भाजी), उंडे, आंबील, गव्हाची खीर, हे सगळं आदल्या दिवशी रात्रभर घरी चालतं आणि डोक्यावर नाहीतर आता गाडीत घालून शेतात नेतात. यंदा मी आईंना म्हणलं भज्जी तिथंच गरम करू शेगडीवर. दोन अडचणी आल्या. एक म्हणजे आमचं भज्जीचं मोठं पातेलं. शेगडीवर ठेवलं तर ते बाजूच्या कॅनच्या कप्प्यावर येतं, आणि हे सगळ्यात धोक्याचं. मोठ्या भांड्याची उष्णता खाली परतते, कॅन तापतो. चांगल्या शेगडीत दाब वाढला की खटका आपोआप उडून कॅन सुटतो आणि विस्तव बंद होतो, पण तेवढ्या भरवशावर राहू नये. दुसरी अडचण म्हणजे आज्जी. कोपीपाशी यंत्र नको म्हणाली. मग तीन दगडांची चूल मांडली, त्यावर पातेलं चढलं, आणि खरं सांगायचं तर त्या भज्जीला धुराचा जो वास असतो तो हिच्यावर आलाच नसता. पाहुणे किती येतील याचा येळवसला काही नेम नसतो, रस्त्याने जाणाऱ्यालाही बोलावून जेवू घालतात. असल्या ठिकाणी या शेगडीचं काम नाही.

म्हणजे माझ्या मते हिचा जीव चार ते सहा माणसांचा. तीन लिटरचा कुकर व्यवस्थित बसतो. पाचवाला कॅनकडं सरकतो. बिडाचा मध्यम तवा चालतो. ज्योत मधोमध गोल येते त्यामुळं भाकरीच्या कडा कच्च्या राहतात, तवा दर अर्ध्या मिनिटाला थोडा थोडा फिरवत राहायचा, मग जमतं. फुल्ल ज्योतीवर एक कॅन (सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास असतो) तासभरापेक्षा थोडा जास्त जातो, मंदवर दोन तासाला टेकतो. किलोचा हिशोब केला तर घरच्या १४.२ किलोच्या सिलेंडरपुढे लई महाग पडतं, म्हणून रोज घरात वापरायचा विचार करू नका.

वाऱ्याचं म्हैसमाळला कळलं. खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन करून वर गेलो, हजार मीटरच्या वरचं पठार, वारा असा की ज्योत आडवी होऊन पार बाहेर. पातेल्यातलं पाणी अर्धा तास कोमटच. शेगडीसोबत पत्र्याचा आडोसा येतो तो नावापुरता. शेवटी गाडीच्या आडोशाला मांडली. सगळीकडून पत्रे लावून कोंडू नका, त्यानेही कॅन तापतो. आणि वारा लागतो म्हणून गाडीच्या आत किंवा तंबूत पेटवणं तर बिलकुल नाही, कोंडलेल्या जागेत जळताना जो विषारी गॅस होतो त्याने माणूस झोपेतच जातो.

आता आज्जीचं सहस्रचंद्रदर्शन. ८१ वं लागलं, सगळ्या लेकी-जावई-नातवंडं जमली, कार्यालय घेतलं, ८१ दिव्यांनी ओवाळलं, गुळाची तुला केली. (तुलेत आज्जी गुळापेक्षा हलकी निघाली आणि तिला त्याचंच दुःख, पूर्वी मी अशी नव्हते म्हणे.) जेवण केटररकडं. पनीर, पुलाव, जिलेबी, सगळं असतं तसं. आज्जीला त्यातलं काही चालत नाही, दात नाहीत, मसाला सोसत नाही. मग मी मागच्या ओट्यावर, उघड्यावर, शेगडी मांडली आणि तिच्यापुरती भाकरी आणि येसर आमटी करायला घेतली. पहिली भाकरी टम्म फुगली. तेवढ्यात तिची बहीण आली, "मला पण चतकोर दे गं." मग दोन नणंदा. मग आज्जीच्या गावच्या म्हाताऱ्या. केटररची लाईन तिकडं आणि इकडं ओट्यावर सगळ्या पांढऱ्या डोक्यांची पंगत, आमटीत भाकरी कुस्करून खातायत, कुणाच्या सुनेला भाकरी येत नाही यावर चर्चा, आणि मी नवीन साडीत घामाघूम. एक कॅन संपला, दुसरा संपत आला तरी माणसं येतायत, शेवटी केटररच्या माणसाने बिचाऱ्याने त्याची मोठी भट्टी दिली. कार्यक्रमाचा व्हिडिओ केलाय पैसे देऊन, त्यात ओवाळणं आहे, भाषणं आहेत, ओट्यावरचं काहीच नाही, कॅमेरावाला तेव्हा जेवायला बसला होता.

उन्हाळ्याचं एक महत्त्वाचं. कॅनवर ५० अंशाच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं. आपल्याकडं मेमध्ये बाहेरच ४२-४३, बंद गाडीच्या डिक्कीत ५० कधी ओलांडलं कळणार पण नाही. आम्ही तुळजापूरला दर्शनाला जाताना कॅन घरीच ठेवले, रांगेला किती वेळ लागेल सांगता येत नाही आणि गाडी उन्हात. वाळलेल्या गवतावर शेगडी मांडू नये हे वेगळं सांगायला नको, फरशीचा एक तुकडा आमच्या डिक्कीत कायम असतो.

कंपनीबद्दल बोलायचं तर शेगडी ठीक, सर्व्हिस शून्य. सुटकेसची एक कडी दुसऱ्याच महिन्यात तुटली, मेल केला, फोटो पाठवले, "आपली तक्रार नोंदवली आहे" एवढंच उत्तर, अजून नोंदवलेलीच आहे. आता दोरीने बांधतो. नॉब पण पहिल्यापेक्षा घट्ट झालाय, आईंना फिरत नाही.

कॅन घेताना खोबणीवाला आहे का बघा. तोंडापाशी एक खाच असते, ती शेगडीतल्या खुणेला नीट बसली पाहिजे, म्हणजे गॅस वाफेच्या रूपातच बाहेर येतो, उलटा बसला तर द्रव येऊन ज्वाळा भडकते. आणि एका दुकानदाराने मला एक पितळी तोटी दाखवली, ताई रिकामा कॅन फेकू नका, घरच्या सिलेंडरमधून भरून घ्या, फुकटात काम. त्या सिलेंडरमध्ये प्रोपेनही मिसळलेला असतो, त्याचा दाब या पातळ पत्र्याच्या डब्याला झेपणारा नसतो, आणि कॅन एकदाच वापरायचा म्हणून बनवलेला असतो. मी तोटी काउंटरवर ठेवली आणि दुकान बदललं. आता कॅन ऑनलाइन मागवते, चारचा पॅक. श्रावणात नळदुर्गला किल्ल्यातला नर-मादी धबधबा बघायला जायचं चाललंय, पण स्वयंपाक किल्ल्यात नाही, अलीकडं मामांच्या शेतात, तेव्हा दोन तरी लागतील.