सात युआनची बस आणि सम्राटाचं नकली थडगं

चीनमधल्या शीआन शहरात दोन मोठी रेल्वे स्टेशनं आहेत. बुलेट ट्रेन येते ते उत्तरेचं नवं, आणि दुसरं जुनं, शहराच्या तटबंदीला खेटून असलेलं. आम्ही फसलो ते जुन्याच्या बाहेर, पूर्वेच्या चौकात, मे 2018 मध्ये, सकाळी पावणेनऊ वाजता. वेळ पक्की लक्षात आहे, कारण त्यानंतर दिवसभर मी घड्याळाकडेच बघत होतो.

आधी हे सांगतो की आम्ही अगदी अडाणी म्हणून गेलो नव्हतो. मला इतिहासाची जुनी खाज. शाळेत वाचलेला ह्युएन त्संग डोक्यात कायम होता. पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला हा भिक्षू 645 मध्ये मायदेशी परतला तो याच शहरात, तेव्हाच्या छांगआनमध्ये. त्याने आणलेल्या पोथ्यांसाठी 652 मध्ये बांधलेला दायान मनोरा आजही उभा आहे. आमचा बेत साधा होता: पहिला दिवस चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांना, दुसरा ह्युएन त्संगाला, तिसरा तटबंदीवर सायकल चालवायला. तटबंदीचा फेरा पावणेचौदा किलोमीटर आहे. हिने तेव्हाच सांगून ठेवलं होतं की तो फेरा मी एकट्याने मारावा.

सैनिकांचं संग्रहालय शहराच्या पूर्वेला, लिंतोंग भागात आहे, बसने तासभर. तिकडे जाणारी सरकारी बस म्हणजे 306, तिलाच पर्यटन 5 असंही म्हणत. हिरवी गाडी, तिकीट 7 युआन. एवढं घरूनच लिहून नेलं होतं. चौकात पोचलो तर रांग लांबलचक. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई आली. हातात घडीचा नकाशा, मोडकं पण आत्मविश्वासाचं इंग्रजी. ती म्हणाली, रस्त्याचं काम निघालंय, रांगेतल्या लोकांना दीड तास लागेल, तीच बस पलीकडूनही सुटते. पलीकडे खरंच एक हिरवी बस होती आणि काचेला पुठ्ठा लावला होता, त्यावर 306. माणशी 20 युआन. "जलद आहे म्हणून जास्त," ती म्हणाली. आपल्याकडे एसटीची साधी गाडी वेगळी, निमआराम वेगळी, तसंच काहीतरी असेल, असं मी स्वतःला समजावलं. फसवणारा अर्धंच सांगतो, उरलेलं आपणच जुळवून घेतो.

बस भरेपर्यंत हलली नाही. हे पहिलं लक्षण. सुटल्यावर बाईने माइक घेतला, हे दुसरं. सरकारी बसमध्ये कंडक्टर जागेवर येऊन पैसे घेतो, भाषण करत नाही. तासाभराने गाडी थांबली ती एका मोठ्या दगडी कमानीपाशी. "सम्राटाचं थडगं. आधी थडगं, मग सैन्य." तिकीट माणशी 120. बसमधले चिनी प्रवासीही उतरले आणि मुकाट पैसे काढू लागले, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरली नाही. मागाहून कळलं की बाहेरगावच्या चिनी माणसांनाही तिथे असंच नेतात.

आता माझी खरी लाज सांगतो. छिन शी हुआंग या पहिल्या सम्राटाचं थडगं अजून कुणी उघडलेलंच नाही, हे मला माहीत होतं. इ.स.पू. 210 मध्ये तो गेला. त्यानंतर शंभरेक वर्षांनी स्-मा छ्यान या इतिहासकाराने लिहून ठेवलं की आत पाऱ्याच्या नद्या वाहतात, छतावर आकाशातले तारे मांडलेत, आणि चोरांसाठी आपोआप सुटणारे बाण लावलेत. थडग्यावरच्या टेकडीच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त सापडलंय, हेही मी वाचलं होतं. आणि आत शिरलो तर काय? निळ्या उजेडात पाऱ्यासारखं चकाकणारं पाणी, छताला लुकलुकणारे दिव्यांचे तारे, कोपऱ्यात धनुष्यं. मी हरखलो. हिला कुजबुजत समजावूही लागलो, "बघ, हीच ती नदी." मागून येणारं एक जोडपं माझंच ऐकायला थांबलं.

त्या माणसांनी तोच उतारा वाचून तो देखावा उभा केला होता. मीही तोच वाचून गेलो होतो. जुळणारच. "न उघडलेलं थडगं" हे शब्द त्या तासाभरात माझ्या डोक्यात एकदाही आले नाहीत. पुढे मेणाचे दरबारी, मेणाच्या राण्या, मध्यावर शवपेटी. हिने एकदा विचारलं, "अहो, सम्राटाच्या थडग्यात पंखा कसा?" मी म्हणालो, दमटपणा राहू नये म्हणून असेल. असं बोलणारा मीच.

खरं थडगं म्हणजे झाडांनी झाकलेली मातीची टेकडी आहे. संग्रहालयापासून दीडेक किलोमीटरवर, पश्चिमेला. तिथे आत जायला दार नाही, जिना नाही, बघण्यासारखा महाल नाही. कुणी थडग्याच्या "आत" नेतो म्हणाला की तिथेच पाठ फिरवायची. अशी खाजगी प्रदर्शनं लिंतोंगमध्ये पूर्वीपासून होती. 2017 च्या सुरुवातीला त्यातलं एक नकली सैनिकांसकट पाडल्याची बातमी होती. मी ती वाचली, आणि वाचूनही गेलो.

तिथून जेड नावाच्या मौल्यवान हिरव्या दगडाचा कारखाना. कारखाना म्हणजे दारात घासचक्रावर बसलेला एक माणूस आणि आत साठ काउंटर. इथे हिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण हिने 2400 युआनची बांगडी 680 वर आणली. तुळशीबागेत तासलेली जीभ, भाषा येवो न येवो. विक्रेतीने कॅल्क्युलेटर आपटला, तोंड वाकडं केलं, दोनदा हात जोडले. आम्ही जिंकून बाहेर पडलो. परत आल्यावर लक्ष्मी रोडच्या ओळखीच्या सराफाने भिंग लावलं आणि म्हणाला, "वहिनी, साधा दगड आहे. रंग दिलाय."

संग्रहालयाशी सोडलं तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. बस लगेच गेली, बाईसकट. खऱ्या तिकिटाचे तेव्हा 150 युआन होते. दारापर्यंतच्या लांबलचक बाजारात आणखी दोघांनी गाठलं, त्यातल्या एकाने तर एका म्हाताऱ्याकडे बोट दाखवून "विहीर खोदणारा शेतकरी हाच, सही घ्या" म्हटलं. 1974 च्या मार्चमध्ये दुष्काळात विहीर खणताना शेतकऱ्यांना हे सैन्य सापडलं हे खरं, पण त्या बाजारात तसे शेतकरी बरेच बसलेले दिसतात.

आणि मग पहिला खड्डा. विमानाच्या हँगरसारखं छत, लांबी 230 मीटर, आणि त्याखाली रांगाच्या रांगा. पुढे उभे केलेले सैनिक, मागे अजून मातीत रुतलेले, कुणाला मुंडकं नाही, कुणाचे नुसते पाय. सगळ्यात मागच्या बाजूला तुकडे जोडायचं काम चालतं; तिथे काही पुतळ्यांना पट्ट्यांनी बांधून उभं केलं होतं, हाड मोडलेल्या माणसासारखं. दिव्यांची रोषणाई नाही, संगीत नाही. धूळ आणि वरून येणारा पांढरा उजेड. सकाळच्या त्या निळ्या गुहेचं हसू तिथे आलं. तोपर्यंत आम्हाला समजलेलं होतं, पण दोघंही बोललो नाही. तिसरा खड्डा धावत बघितला, दुसरा राहिलाच.

येताना खरी 306 मिळाली. 7 युआन.

आता जाणार असाल तर स्टेशनाच्या चौकात पाय ठेवायचीही गरज नाही. 2020 च्या डिसेंबरअखेर मेट्रोची 9 नंबरची लाइन सुरू झाली. 1 नंबरने फांगझच्छंगला जाऊन गाडी बदलायची, हुआछिंगछ स्टेशनला उतरायचं, बाहेर सरकारी बस असते. तिकीट आता पासपोर्टवर निघतं, म्हणजे पासपोर्ट न बघता जो तिकीट फाडतो तो तुम्हाला दुसरीकडेच नेतोय. त्याच तिकिटात टेकडीचं उद्यान आणि तिथपर्यंतची फिरती बसही येते. काशाचे दोन रथ आता तिकडेच ठेवलेत, ते चुकवू नका. कुठेही पैसे दिलेत तर "फापियाओ" मागा, ती सरकारी छापाची पावती. ती द्यायला टाळाटाळ झाली तरी तुम्हाला बरंच कळतं.

रात्री हॉटेलात रिसेप्शनवरच्या मुलीला सगळं सांगितलं. तिने तोंडावर हात धरला, मग हसल्याबद्दल तीनदा माफी मागितली. सगळा हिशेब 960 युआन झाला, म्हणजे तेव्हाचे 10 हजार रुपये. ही म्हणाली, "तुमचा तो ह्युएन त्संग काय लिहून गेलाय? महाराष्ट्रातली माणसं अपमान विसरत नाहीत, पण सूड उगवायच्या आधी शत्रूला तसं कळवतात. मग कळवा त्या बाईला."

कळवायचा प्रयत्नही झाला. त्या मुलीने स्वतःहून 12301 या पर्यटन तक्रारींच्या नंबरला फोन लावला. पलीकडून दोनच गोष्टी विचारल्या: पावती आहे का, आणि बसच्या नंबरप्लेटवरचा नंबर काय. पावती नव्हती. नंबरसाठी मी फोनमधले सगळे फोटो चाळले. बसचा एकही निघाला नाही. पहिल्या खड्ड्याचे 6 होते, त्यानंतर बॅटरी संपली होती. नकली थडग्याचे 43.