सेल्टा कोर्स: परदेशात इंग्रजी शिकवायला निघण्याआधी

परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी करायची म्हणून ट्रेनिंग शोधायला लागलं की आधी समोर येतात त्या '१२० तासांचा टेफल कोर्स, घसघशीत सूट' असल्या जाहिराती. टेफल म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं; हे कुणा एका संस्थेचं सर्टिफिकेट नाही, त्यावर एकाच कुणाचा अंकुशही नाही. १२० हा आकडा कुणीही छापू शकतं. यातले बरेचसे कोर्स घरबसल्या प्रश्नमंजुषा सोडवून पुरे होतात आणि शेवटपर्यंत एकही जिताजागता विद्यार्थी समोर येत नाही. हे म्हणजे काठावर बसून पोहण्याचं सर्टिफिकेट घेणं. मी जास्त पैसे मोजले आणि सेल्टा, म्हणजे केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा-संस्थेचा इंग्रजी शिकवण्याचा सर्टिफिकेट कोर्स केला, पूर्ण वेळ, वर्गात बसून. कोर्सला माझ्याकडून पैकीच्या पैकी. ज्या सेंटरमध्ये केला त्याला निम्मे, आणि तेही एका ट्रेनरबाईंमुळे.

प्रवेश सरसकट मिळत नाही. आधी एक लेखी टास्क, मग मुलाखत. मी शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलेलं, व्याकरणाची धास्ती अजिबात नव्हती. पण मुलाखतीत व्याख्या कुणी विचारलीच नाही. 'आय लिव्ह्ड हिअर' आणि 'आय हॅव लिव्ह्ड हिअर' यांतला फरक, ज्याला मोजकंच इंग्रजी येतं अशा माणसाला कसा समजावाल, असं विचारलं. प्रेझेंट परफेक्ट हे नाव न घेता. करून बघा एकदा.

कोर्स सुरू झाला तो तुर्की भाषेच्या तासाने. ट्रेनरबाई आल्या, हसल्या आणि थेट तुर्कीतच बोलायला लागल्या. हातात चार चित्रं, बाकी सगळं हातवारे आणि चेहरा. इंग्रजीचा एक शब्द नाही. ऐका, सगळे मिळून म्हणा, एकेकट्याने म्हणा, शेजाऱ्याला विचारा. तास संपेपर्यंत आम्ही एकमेकांना नाव आणि काम विचारत होतो. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, 'मी किती बोलले आणि तुम्ही किती?' सगळा सेल्टा या प्रश्नावर उभा आहे. शिक्षकाने कमी बोलायचं, विद्यार्थ्यांना बोलतं करायचं. आमच्यासारख्या खडू हातात घेऊन वर्षानुवर्षं बोलत आलेल्यांना तोंडाला कुलूप लावणं फार जड जातं.

खरे पैसे वसूल होतात ते टीचिंग प्रॅक्टिसमध्ये. ती लगेचच सुरू होते. प्रत्येकाच्या वाट्याला एकूण ६ तास शिकवणं, निदान दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना. समोर खरीखुरी मोठी माणसं असतात, इंग्रजी शिकायला आलेली. मागे ट्रेनर लिहीत बसलेली, शेजारी आपलेच सहकारी, तेही लिहीत. शिवाय अनुभवी शिक्षकांचे तास बघायचे, तेही ६ तास. आमच्या गटातल्या एकाने 'आय यूज्ड टू प्ले क्रिकेट' समजावताना फळा भरून टाकला, भूतकाळातली सवय वगैरे. वर्ग माना डोलावत राहिला. त्याने 'समजलं का?' विचारलं, सगळे हो म्हणाले. फीडबॅकला बाईंनी फळा पुसला आणि एवढंच विचारलं: मी आता खेळते का? पूर्वी खेळायचे का? एकदाच की पुष्कळदा? तीन प्रश्न, उत्तरं एकेका शब्दाची. अर्थ खरंच कळला का हे तपासणाऱ्या अशा प्रश्नांना तिथे सीसीक्यू (कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन्स) म्हणतात. 'समजलं का' हा प्रश्न तेव्हापासून आमच्या गटात चेष्टेचा विषय झाला.

उच्चारांवरची सत्रंही आपल्या लोकांसाठी सोन्यासारखी. भिंतीवर ४४ ध्वनींचा तक्ता असतो. आपण प्रत्येक अक्षर ठणठणीत उच्चारतो. इंग्रजीत जोर एका ठिकाणी देऊन बाकीची अक्षरं गिळायची असतात. 'फोटोग्राफ' आणि 'फोटोग्राफर' मोठ्याने म्हणताना जोर कुठून कुठे सरकतो ते ऐका, म्हणजे कळेल.

बाकी चार लेखी असाइनमेंट असतात, नापास झाली तर एकदा सुधारून देता येते. पूर्ण वेळ केला तर महिनाभर घरचं, सणवार, लग्नकार्य सगळं विसरायचं. रात्री लेसन प्लॅन, सकाळी कात्री घेऊन कागदाच्या पट्ट्या कापणं.

आता तक्रार. सेंटरला झेरॉक्स मशीन एकच, आणि ते नेमकं तासाच्या तोंडावर रुसायचं. दुसरे ट्रेनर लेखी फीडबॅक इतका उशिरा द्यायचे की तोवर पुढचा तास शिकवून झालेला असायचा. हे एक वेळ चालवून घेईन. पण प्रवेशाच्या वेळी काउन्सेलरने 'नोकरी पक्की, कुठल्याही देशात' असं छातीठोकपणे सांगितलं, ते चालवून घेणार नाही. सेल्टा ब्रिटनच्या पात्रता-चौकटीत लेव्हल ५ चा आहे, जगभर ओळखला जातो, हे खरं. पण व्हिसा सर्टिफिकेट देत नाही, त्या त्या देशाचं सरकार देतं. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा घ्या: तो मुख्यत्वे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या पासपोर्टधारकांसाठी आहे. पुष्कळ देश पदवीही मागतात. काउन्सेलरला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा सर्ट-टीसॉल हा इंग्रजी शिकवण्याचा कोर्सही याच तोडीचा, किमान १३० तासांचा, त्यातही ६ तास प्रत्यक्ष शिकवणं. त्यात अनोळखी भाषा शिकून त्याबद्दल लिहायचा भाग रीतसर अभ्यासक्रमातच आहे. जवळ जे चांगलं सेंटर असेल त्यावर दोन्हींतलं ठरवावं.

पैसे भरण्याआधी सेंटरचं नाव केंब्रिजच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का ते बघा. आणि प्रॅक्टिसचे विद्यार्थी कुठून येतात, एका ट्रेनरमागे किती जण, फीडबॅक त्याच दिवशी मिळतो का, हे तीन प्रश्न काउन्सेलरला नाही, ट्रेनरला विचारा.